अर्धी रेघ

ग्रिम्सबीच्या टाउन हॉलात, वरच्या मजल्यावर,
चौकशीचा तिसरा दिवस.
हेस्टर ब्लँचर्डच्या लघुलिपीत
आडवी पूर्ण रेघ म्हणजे कॅन,
तीच अर्धी ओढली की कुड.
पेन्सिल जरा लवकर उचलायची, इतकंच.

पहिल्या दिवशी कंपनीचे वकील उठले.
आय मस्ट से, म्हणाले,
मला म्हणायलाच हवं, बोट उत्तम स्थितीत निघाली होती.
कोण बसलं होतं त्यांच्या छातीवर?
बावीस वर्षं माणसांचं बोलणं उतरवून
हेस्टरला एवढं कळलंय:
मस्ट लावून जे बोललं जातं
ते न बोलून चाललं असतं.
आय डेअर से म्हणणारे
बहुतेक उबदार खोलीतले असतात.
मे आय आस्क विचारणारा परवानगीला थांबत नाही,
दार ढकलतच टकटक करतो.
आणि आय वुड से,
मी म्हणेन, असं म्हणतात
तोवर म्हणून झालेलं असतं,
उद्या अंगाशी आलं तर
म्हणेन म्हणालो होतो, म्हणालो कुठे?

आज एनॉक स्टॅमर्स उभा राहिला.
मार्गेरी लीथचा इंजिनियर,
शेवटच्या फेरीआधी मनगट मोडलं
म्हणून किनाऱ्यावर राहिलेला.
पट्टी अजून मळकी.
वकिलांनी विचारलं,
पंपाबद्दल कप्तानाला कुणी काही बोललं होतं?
एनॉकनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.
गोदीतला भोंगा नेमका तेव्हाच वाजला.
आय, आणि मग भोंगा, आणि मग से.

मधलं काय होतं?
कुडन्ट असेल तर, मला माहीत नाही बुवा.
कान्ट असेल तर माहीत आहे,
पण ओठांवर कुणाचा तरी हात आहे:
कंपनीचा, पेन्शनीचा,
किंवा बुडालेल्या अकरा जणांचा.
मराठीत असता तर म्हणाला असता, सांगवत नाही,
आणि सगळा हॉल खाली बघत राहिला असता.
इंग्रजीत त्या जागेला शब्द नाही,
निदान त्याला तरी सापडला नाही.

दुपारी जिन्यात आयव्ही टॅस्कर भेटली.
नवऱ्याचा लोकरी मफलर हिच्या गळ्यात,
दुसरा त्याच्या गळ्यात गेला.
ही शुड हॅव सेड, एवढंच बोलली.
त्यानं सांगायला हवं होतं.
कुणी? एनॉकनं की हिच्या नवऱ्यानं?
हेस्टरनं विचारलं नाही.
वही बंद होती, पेन्सिल कानामागे,
आणि जे सांगितलंच गेलं नाही
त्याला तिच्या लिपीत खूण नव्हती.

रात्री स्वयंपाकघरात टाइपरायटर,
एक मूळ प्रत, चार कार्बन.
सत्तेचाळिसाव्या पानावर ती थांबली.
भोंग्यात हात चालतच राहिला होता तिचा,
सवयीनं.
रेघ होती.
समासाची पट्टी आणून मोजली:
पूर्ण नाही, अर्धीही नाही,
मध्येच कुठेतरी पेन्सिल कचरलेली.
चहा गार झाला. शेजारच्यांचा रेडिओ बंद झाला.
मग तिनं कान्ट टाइप केलं,
पाचही कागदांवर एकदम,
शेवटच्यावर फिकट.

सकाळी अध्यक्षांनी पान उलटलं, चष्मा सरकवला.
मिसेस ब्लँचर्ड, साक्षीदार असं म्हणाला?
वकील तिच्याकडे बघत होते.
एनॉक मागच्या बाकावर, बुटांकडे.
हेस्टरच्या जिभेवर सगळे येऊन गेले,
मे, माइट, वुड,
शुड तर दारातच घुटमळला.
ही सेड इट, सर, ती म्हणाली.
म्हणाला.
आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं,
जे आधीच होतं.